मधली रांग

२ फेब्रुवारी, रविवार

चिठ्ठीत थोरली निघाली! माझ्या रानात खुणा करायला — थोरली! सागवाल्यांच्या सोसायटीत एवढे सभासद आहेत, एकाहून एक, आणि डब्यातून निघायची ती माझी सख्खी बहीणच! चेअरमनने चिठ्ठी उघडली, नाव वाचलं आणि घसा खाकरला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे बघत बसले.

ती मागच्या बाकावर होती. चकार शब्द बोलली नाही. माझ्याशी तर ती नाहीच बोलत, मीही नाही बोलत, पण निदान सभेत तरी म्हणायचं की मला नको, दुसरं कुणी काढा. नाही! पर्स उचलली आणि निघाली.

मी उठून म्हटलं, चिठ्ठी परत काढा. चेअरमन म्हणतो, "ताई, नियम म्हणजे नियम."

मला सांगतो नियम! मीच तेव्हा हात वर केला होता त्या नियमाला. पहिल्या वर्षी ज्याने त्याने आपापल्या रानात पिवळे पट्टे मारले. काम सोपं होतं. साग दाटीत वाढला की सगळाच काडीसारखा राहतो, म्हणून मधली थोडी झाडं काढायची, बाकीच्यांना ऊन मिळतं, ती भरतात. काढलेली सगळ्यांची एकत्र करून गिरणीला विकायची, कारण एकट्यादुकट्याला गिरणीवाला दारात उभं करत नाही. पण आमचे सभासद एकेक बेरकी! प्रत्येकाने सरळसोट झाडं राखली आणि वाकडी, किडकी तेवढी सोसायटीच्या गळ्यात मारली. चांगली शेजारचा देईल की! शेजारच्यानेही तेच म्हटलेलं. ट्रक गिरणीवर उभा राहिला तेव्हा त्यात एकही ओंडका सरळ नव्हता. गिरणीवाला म्हणाला, "चुलीत घाला," आणि ट्रक आल्या पावली परत. तेव्हापासून आपल्या रानात आपण ब्रश लावायचा नाही. चिठ्ठीत निघेल तो सभासद येणार, तो पट्टे मारणार, आणि पट्टा पडला की ते झाड सोसायटीचं.

नियम चांगला आहे. पण थोरली?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघू." लग्नापासून बघतायत.

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेच्या गणवेशांच्या बाह्या उलट्या जोडल्या. उसवत बसले. हेही तिच्यामुळेच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज गिऱ्हाईक म्हणाली, "बहिणीबहिणीत एवढं काय?" तोंडात टाचण्या होत्या म्हणून वाचली ती!

एवढं काय? ऐक म्हणावं. बाबांनी रान दोघींत वाटलं. चढावरचं थोरलीला, सखलातलं मला. मधोमध सिल्व्हर ओकची रांग लावली, स्वतः खड्डे खणून. "अलीकडे धाकटी, पलीकडे थोरली. भांडायला कारणच ठेवत नाही!" बाबांचं हे असं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

मग सोसायटी निघाली. मी पहिल्या दिवशी सभासद झाले. थोरली हेडमास्तरीण! तिला कोण शिकवणार! तिने अख्खं रान वखारवाल्याला उभ्या उभ्या विकून टाकलं. त्याने एक काडी शिल्लक ठेवली नाही. तेही मी म्हटलं असतं, तिचं रान, तिचा नाश. पण ओंडके बाहेर काढले कुठून? माझ्या रानातून! माझी नवी रोपं, हाताने पाणी घालून जगवलेली, त्यांच्यावरून ट्रॅक्टरने फरफटत नेले. मी हातातली कात्री तशीच घेऊन धावले. ट्रॅक्टरवाला घाबरून उतरला. आणि ही वर चढावर उभी. म्हणते कशी, "रस्ता तिथूनच जवळ पडतो."

रस्ता तिथूनच जवळ पडतो!

वखारवाल्याने पुढे तिलाही बनवलं. मग मुकाट्याने आली सोसायटीत, नवीन साग लावला, चांगला वाढवलाय, कबूल. पण "चुकलं" म्हणाली? एकदा? तो शब्द शाळेत फक्त मुलांनी म्हणायचा असतो.

९ फेब्रुवारी, रविवार

माझ्या वाट्याला चेअरमनचं रान आलं होतं. आज खुणा करून आले. आजच्याइतकी मजा किती दिवसांत आली नव्हती!

नियम आहे की मालकाने मागे मागे फिरायचं नाही. हा फिरला. आधी लांबून, मग जवळून, मग अगदी खांद्याशी. "ताई, हे राहू द्या ना." का? दुबेळकं आहे, शेंडा मोडलाय, बाजूच्या दोन चांगल्या झाडांना दाबतंय. "हो, पण ह्याला मी सायकल टेकवतो." मी पट्टा मारला. पुढच्याला म्हणे, ह्यावर दरवर्षी तोच पक्षी येतो. पट्टा मारला. एका वाकड्या झाडापाशी तर हा आडवाच उभा राहिला. मी म्हटलं, "चेअरमनसाहेब, नियम म्हणजे नियम," आणि त्याच्या काखेतून हात घालून पट्टा ओढला.

शेवटी बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. चहा दिला, पण साखर विसरला. तरी म्हणाला, "बरोबर केल्यात सगळ्या खुणा." माणूस वाईट नाही.

घरी येताना वाटलं, थोरली माझ्या रानात असाच ब्रश फिरवणार. मजा तिथेच संपली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आली होती. अंगाचा तिळपापड होतोय लिहिताना.

सकाळी भाचीला घेऊन आली. भाची रजा काढून आलीय म्हणे. रंगाचा डबा भाचीच्या हातात, राणीसाहेब पुढे. हातात काठी — बाबांची काठी! ती काठीसुद्धा हिनेच नेली होती. आता मिरवतेय. मी मशीनवरून उठले नाही. खिडकीतून जवळचं तेवढं दिसत होतं. चार झाडं झाली की बुंध्याशी बसायची, पुन्हा उठायची. नाटकं! शाळेत पोरांना दिवसभर उभं करायची ती ही. वाळलेल्या सागाच्या पानांचा आवाज मात्र दुपारपर्यंत घरात ऐकू येत होता. चुर्र, चुर्र, थांब. चुर्र, चुर्र, थांब.

हे मध्येच म्हणाले, "पाणी तरी विचारू का?" मी म्हटलं, विहीर तिला माहीत आहे.

त्या गेल्यावर मी रानात गेले. म्हटलं एकेक चूक काढते. आणि काय सांगू, चूक सापडेना! दाबलेलं, फाटकं, खोडकिडीचं, नेमकं तेवढंच. मी खुणा केल्या असत्या तर ह्याच केल्या असत्या. त्याचाच जास्त राग आला.

मग शेवटी गेले मधल्या रांगेपाशी.

सगळ्या रांगेला पिवळे पट्टे! एकूण एक सिल्व्हर ओक! बाबांनी लावलेली हद्द, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत! हद्दच पुसायला निघाली ही बाई! आणि पट्टे तरी धड असावेत. छातीच्या उंचीवर मारायचा, पाडणाऱ्याला लांबून दिसला पाहिजे, ही पहिली गोष्ट शिकवतात. पहिल्या झाडांवर ठीक आहेत. मग उतरत उतरत कमरेला. शेवटची झाडं तर गुडघ्याला! रंग ओघळलेला. जन्मभर पोरांना रेघा सरळ मारायला लावल्या, आणि स्वतःला एक पट्टा धड मारता येत नाही. एवढी घाई कसली होती? मी बाहेर येईन म्हणून?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चेअरमनच्या घरी. तो दात घासत होता. मी तिथेच सुरू केलं.

म्हटलं, रांग सामाईक आहे, एकटीने पट्टे मारायचा तिला काय अधिकार? तो चूळ भरून आला. म्हणतो, सामाईक आहे म्हणून तिची बाजू ती देतेच आहे, आणि तुमच्या बाजूची खूण करायचा अधिकार चिठ्ठीने तिलाच दिलाय. वा! म्हणजे दोन्हीकडून तीच! मी म्हटलं, मी तक्रार करते. "करा ताई. कमिटी येऊन बघेल. पण एक सांगू का, तुमच्या बहिणीची जरा —"

"तिचं नाव काढू नका!"

एवढ्या जोरात ओरडले की त्याची बायको आतून आली. तो तसाच टॉवेल खांद्यावर घेऊन उभा राहिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भांडी घासायची तारेची घासणी घेऊन रांगेत गेले. म्हटलं पट्टे घासूनच टाकते, काय करतील ते करतील. अर्धा तास एकच झाड घासलं. साल निघाली, नख निघालं, पिवळा गेला नाही. भेगांत जाऊन बसतो तो. झाड मात्र विद्रूप झालं.

हे चहा घेऊन तिथे आले. कप माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "तुला झाड वाचवायचंय की भांडण?"

ह्या माणसाला बोलता येतं! मी चहा जमिनीवर ओतून दिला. आता वाईट वाटतंय, चहा चांगला झाला होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वास लागतो ह्या लोकांना. आज वखारवाला दारात. तोच! पांढरे बूट, हातात मोबाईल. "ऐकलं, सोसायटीशी वाजलंय तुमचं. सोडा ना ताई. कमिट्या न् चिठ्ठ्या, कशाला डोक्याला ताप? मी सगळं उचलतो. एका आठवड्यात रान साफ. तुमची ती रांग म्हणाल तर तेवढी ठेवू."

तेवढी ठेवू! उघड्या माळावर एक रांग! आणि जे भरायला लागलंय, जे अजून दहा-पंधरा वर्षं उभं राहिलं तर दरवाजे-खिडक्यांच्या मापाला येईल, ते सगळं आजच काडीच्या भावात! म्हटलं, माझ्या रोपांवरून ओंडके नेले होते ते आठवतं का? तो हसला. "अहो, बहिणीनेच सांगितलं होतं ना, इथून न्या."

हे माहीत असूनही पुन्हा ऐकलं की लागतं.

त्याला हाकलला. फाटकापर्यंत मागे गेले आणि कडी लावली. पण सोसायटी सोडा म्हणाला, ती वेळ खरंच येऊ शकते. कमिटीने पट्टे ठेवले आणि मी ऐकलं नाही, तर मला सोसायटीतून बाहेर पडावं लागेल. बाहेर पडले की गिरणी बंद, ट्रॅक्टर बंद, पाडणारे बंद. मग हाच. पांढरे बूट.

म्हणजे एक तर बाबांची रांग जाईल, नाहीतर बाबांचं रान जाईल. आणि हे सगळं कुणी आणलं माझ्यावर?

२३ फेब्रुवारी, रविवार

कमिटी येऊन गेली.

चेअरमन, पाडणाऱ्यांचा मुकादम आणि दोन सभासद. थोरली आली नाही! स्वतः खुणा केल्या, आणि त्यांच्या बाजूने बोलायला पाठवलं पोरीला. भाची एका बाजूला उभी होती, डोळे सुजलेले. म्हटलं सर्दी असेल.

मी सगळं बोलले. बाबा, हद्द, सगळं. ऐकून घेतलं त्यांनी. मग मुकादमाने मला रांगेच्या कडेचे साग दाखवले. माझ्या बाजूचेही, तिच्या बाजूचेही. बारीक, सावलीत खुरटलेले. म्हणाला, ओक फार वाढलेत, दोन्हीकडचं खाऊन टाकतायत. दुसरं म्हणजे ओंडके बाहेर काढायला ट्रॅक्टरला वाट लागेल. ती रांगेच्या जागी केली तर दोन्ही रानांना एकच वाट पुरेल, कायमची. नाहीतर ती न्यावी लागेल मधून. आणि हाताने दाखवलं, नेमकं माझ्या उत्तम सागांमधून. माझ्याच रोपांवरून, पुन्हा एकदा.

त्या कडेचे साग मला माहीत नव्हते का? दरवर्षी बघते. दरवर्षी मान दुसरीकडे वळवते.

मी म्हटलं, "पाडा." आणि घराकडे वळले.

भाची मागून आली. "मावशी, जरा बोलायचं होतं. आई —"

"तुझ्या आईला तोंड आहे ना? ती येऊन बोलेल."

पोरगी तिथेच थांबली. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तेव्हा नाही वाटलं.

१ मार्च, शनिवार

रांग पडली.

कानात कापूस घालून मशीन चालवत होते, तरी प्रत्येक झाड जमिनीवर आलं की सुई थरथरायची. मध्ये एकदा बाहेर गेले. मी घासलेलं झाड आडवं पडलं होतं. बुंध्याला ओला, आंबूस वास. हे तिथे उभे होते, टोपी काढून.

खूप रडले. रागानेच.

४ मार्च, मंगळवार

ट्रक गिरणीवर गेला. ह्या वेळी एकही ओंडका परत आला नाही. साग घेराप्रमाणे लावून वेगळा, ओक फळ्यांसाठी वेगळा. चेअरमन सगळ्या सभासदांना फोन करून सांगतोय, आवाज नुसता फुललेला. मला म्हणाला, "तुमचा माल सगळ्यात चांगला निघाला ताई. खुणाच तशा झाल्या होत्या." मी फोन ठेवला.

वाट मात्र चांगली झालीय. कडेच्या सागांवर पहिल्यांदाच ऊन पडलंय. हे मी फक्त इथे लिहितेय.

६ मार्च, गुरुवार

अजून एक! रांग गेल्यामुळे आता तिच्या घराची खिडकी सरळ माझ्या मशीनवर! मधल्या सागाला आता पानं तरी कुठे आहेत! आणि ती खिडकी दिवसभर उघडी, संध्याकाळी दिवा लागतो तो विझत नाही. मी काय शिवते, कुणाशी बोलते, सगळं दिसत असणार. म्हणजे हद्द गेली ती गेली, वर पहारा! ह्यासाठी का रांग पाडली?

उरलेल्या गणवेशाच्या कापडाचा पडदा शिवला. जाड. दुहेरी. लावून टाकला.

७ मार्च, शुक्रवार

पडदा लावल्यापासून मशीनवर अंधार. सुईत दोरा जात नाही. आता माझ्याच घरात मी दिवा लावून बसायचं!

बस झालं. उद्या जाते. नव्या वाटेनेच जाते, मधून, सरळ. तोंडावर विचारते, बाबांच्या रांगेने तुझं काय घोडं मारलं होतं? उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.

८ मार्च, शनिवार

गेले होते. भाचीने दार उघडलं आणि बाजूला झाली.

खाट खिडकीशी लावलीय. थोरली एवढीशी झालीय. उशीवर डोकं आहे म्हणून कळलं की कुणी झोपलंय. ती म्हणाली, "बस धाकटे. रांग गेली ना? बरं झालं. सोसायटीत माझी बाजू तुझ्या नावावर करायला सांगितलीय, पोरीची नोकरी बाहेर, तीही हो म्हणालीय. डॉक्टर म्हणतात, पावसाळा काही बघत नाही मी. आता दोन्हीकडे तूच, मधे हद्द कशाला?" मग बराच वेळ दम खाल्ला. म्हणाली, "पट्टे नीट नाही आले. हात वर जात नव्हता."

पाण्याचा पेला तिच्या तोंडाशी मी धरला. ती म्हणाली, "त्या रोपांचं माझं चुकलं गं." मी म्हटलं, गप्प बस आता. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "परवापर्यंत तू दिसायचीस. आता काय झालं, कापड दिसतं नुसतं."

धावत घरी आले. पडदा काढला.